पंपावर राहिलेला नवरा

मार्लिसनं स्वतःच्या नवऱ्याला वाळवंटात सोडून दिलं, ही बातमी मला डॉटीनं दिली. स्थळ, क्वार्ट्झसाइट या वाळवंटी गावातलं कपडे धुवायचं दुकान. माझे लेंगे यंत्रात गरगरत होते, म्हणजे मला उठून जाता येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाकावरून सरकत सरकत ती जवळ आली, आवाज खाली घेतला (डॉटीचा खालचा आवाज रस्त्यापलीकडच्या टायरवाल्याला ऐकू जातो) आणि म्हणाली, की मार्लिस नवऱ्याला, वेंडलला, पेट्रोल पंपावर टाकून सरळ निघून आली. जाणूनबुजून.

सकाळी बातमी इतकीच होती. दुपारपर्यंत तिच्यातून पंप गेला आणि नुसतं वाळवंट उरलं. संध्याकाळी वेंडलच्या पायांतले बूट गेले. शनिवारच्या सामुदायिक जेवणात राजम्याच्या पातेल्यापाशी उभं राहून एका गृहस्थानं मला छातीठोकपणे सांगितलं, की वेंडल हात हलवत गाडीमागे धावत होता आणि मार्लिस आरशात बघून हसत होती. हे गृहस्थ त्या दिवशी ओरेगॉनमध्ये दाढ काढून घेत होते. पण ते असो.

आम्ही हिवाळ्यातले लोक. उत्तरेकडे थंडी पडली की आमच्या घरगाड्या खाली उतरतात, आणि सरकारी माळावर झुडुपं जरा विरळ दिसली की चाकांखाली लाकडी ठोकळे सारून आम्ही मार्चपर्यंत बस्तान मांडतो. इथे कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. घर का विकलंत, हे तर मुळीच विचारत नाही. त्यामुळे गप्पांना विषय थोडे, आणि आहेत ते आम्ही पाण्यासारखे जपून, पुन्हा पुन्हा वापरतो.

मार्लिस मूळची मिनेसोटाची. बुटकी, खांद्यांनी रुंद, चालताना जमिनीवर राग असल्यासारखी पावलं टाकणारी. ती केस कापायची. गाडीच्या छपरीखाली एक घडीची खुर्ची, गळ्याला बांधायला फुलाफुलांची जुनी चादर, आणि कात्री, जिला ती नवऱ्यालाही हात लावू देत नसे. माळावरचं प्रत्येक डोकं तिच्या हाताखालून गेलेलं. जिभेला धार कात्रीपेक्षा जास्त. मी पहिल्यांदा तिच्या खुर्चीत बसलो तेव्हा तिनं माझ्या टकलाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "लेस्टर, यातले नेमके कुठले कापू? नावं सांग त्यांची."

वेंडलचं तसं नव्हतं. वेंडल सगळ्यांचा लाडका. उंच, शीळ घालत फिरणारा, कुणाच्या छतावरची सौरपाटी बिघडली की न बोलावता शिडी घेऊन हजर. काम करता करता तो प्रवचनही द्यायचा. घरात राहणारी माणसं म्हणजे खुंट्याला बांधलेली जनावरं, हे त्याचं आवडतं वाक्य. गवत कापायचं, कर भरायचा आणि मरायचं, असं तो म्हणायचा, आणि आम्ही म्हातारे माना डोलवायचो. त्यानंच मार्लिसला घर विकायला लावलं होतं. ती दोन वर्षं नको म्हणत होती, हेही तोच कौतुकानं सांगायचा. मग ती आली ती अशी आली, की गाडी त्याच्यापेक्षा तीच चांगली चालवू लागली.

त्यांना एक मुलगी, टेसा. गाडीत चढली तेव्हा पहिलीतली होती, मी सांगतोय त्या हिवाळ्यात पंधरा वर्षांची. चौथं म्हणायचं तर बिस्किट नावाचं कुत्रं, ज्याचा मान पुढच्या सीटचा.

आता या कुटुंबाचा एक नियम सांगितला पाहिजे. जुन्या घरगाडीचं थंड हवेचं यंत्र सगळ्या गाडीला पुरत नाही. म्हणून उन्हात चालवताना आम्ही पुढच्या सीटांमागे जाडसं ब्लँकेट टांगतो, थंडावा पुढेच राहतो. पण मग चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. एकदा असंच, सलोम गावाजवळ, बिस्किट झुडपात पाय वर करून उभं होतं आणि हे तिघं निघून गेले. परत आले तेव्हा ते रस्त्याच्या कडेला तसंच बसलेलं, चेहऱ्यावर असा अपमान की मार्लिसला रडू आलं. त्या दिवसापासून कुत्रं पुढे, आणि मागे असणाऱ्यानं ब्लँकेटच्या आतून कपाटाच्या फळीवर टकटक करायची. टेसाची एकदा, वेंडलची दोनदा. ती ऐकल्याशिवाय मार्लिस गाडी हलवत नसे. वेंडल तिला चिडवायचा, की बाईंची शाळा भरते, हजेरी लागते. ती म्हणायची, लागू दे.

त्या वर्षी ऑक्टोबरात ते फ्लॅगस्टाफच्या जंगलातून खाली उतरत होते. वाटेत पंपावर थांबले. सकाळपासून वेंडल चालवत होता. पाठ दुखतेय, मागे जाऊन आडवा होतो, असं म्हणून तो खाली उतरला. मार्लिसनं नेहमीप्रमाणे गाडीभोवती फेरी मारली: पायरी आत घेतली का, गॅस बंद आहे का, टायरवर काठी आपटून बघितली. वर चढली, ब्लँकेट सारखं केलं, इंजिन सुरू करून ओरडली, आहात का सगळे? एक टक. मग दोन टकटक. ती निघाली.

क्वार्ट्झसाइटला पोचल्यावर तिनं मागचा पडदा सारला तर बिछाना रिकामा.

टेसा टेबलाशी कानांत गाण्याचे बोळे घालून बसली होती. तिला वाटलं बाबा झोपलाय, असं ती म्हणाली. मार्लिसनं गाडी तिथल्या तिथे वळवली आणि आली त्या वाटेनं परत गेली. पंपावरच्या बाईला एवढंच आठवत होतं, की एक उंच माणूस सावलीत उभा राहून शीतपेय पीत होता, मग एका लाल पिकअपमधून गेला. फोन बंद. मार्लिस त्या पंपावर अंधार पडेपर्यंत बसून राहिली. लिफ्ट मिळाली असेल, आपल्यामागे यायला निघाला असेल, वाटेत चुकामूक झाली असेल, असं म्हणून पुन्हा माळावर आली. वेंडल आला नव्हता. आठवड्यानं त्याचा फोन आला. बायकोला नव्हे, डॉटीला. आवाज दुखावलेला. सांगितलं की मार्लिस मला टाकून गेली, मी सुखरूप आहे, माझी काळजी करू नका. यापुढचं त्यानं डॉटीवर सोपवलं; तो मुळीच वेडा नव्हता.

आमच्यात संध्याकाळी ऊन कलतं तेव्हा प्रत्येक जण आपापली खुर्ची आणि आपापला पेला घेऊन येतो आणि गोल करून बसतो. बातमी पसरली त्या संध्याकाळीही मार्लिस खुर्ची घेऊन आली. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायकांना एकाएकी ऊन लागू लागलं आणि त्यांनी खुर्च्या सरकवल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींना ऊन लागलं. आठवड्याभरात ती गोलात न बसता गोलाच्या मध्ये बसल्यासारखी दिसायला लागली, तेव्हा तिनं येणं सोडलं.

आणि केस वाढले. तुम्ही तो हिवाळा पाहिलाच नाही. तिच्याकडे जाईल त्याला बायको घरात घेणार नाही, मग माळभर मानेवर रुळणाऱ्या पांढऱ्या जटा घेऊन म्हातारे हिंडू लागले. एकानं स्वयंपाकघरातल्या कात्रीनं स्वतःचे कापून पाहिले, तो नाताळापर्यंत टोपी घालून झोपला. मी जात राहिलो. माझ्याकडे कापण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कुणाचा आक्षेपही नव्हता.

खरी गोष्ट अशी की लोक काय म्हणतात याचं मार्लिसला फारसं काही वाटत नव्हतं. तिला पोखरत होतं वेगळंच. ती मला म्हणायची, लेस्टर, मी ऐकलं होतं. दोनदा. मग तो गाडीत नव्हता, तर मी ऐकलं काय? तिला वाटू लागलं की घाईत आपले कान आपल्याला हवं ते ऐकून मोकळे झाले. की आतून कुठेतरी आपल्यालाच त्याला सोडायचं होतं, आणि डॉटी म्हणते ते खरंच आहे. घर विकल्याचा राग इतकी वर्षं मनात दाबून ठेवला होता, त्याचा त्या दिवशी असा निकाल लागला का, असं ती मला विचारायची. त्याला ती रोज निरोप ठेवायची. चूक झाली, ये, मी घ्यायला येते. उत्तर नाही. मला तिला सांगावंसं वाटे की बाई, चूक होऊन राहिलेला माणूस पहिला फोन बायकोला करतो, पण तिला ते ऐकायचं नव्हतं. दोष स्वतःचा असेल तर नवरा परत येऊ शकतो, असं काहीतरी तिनं मनाशी जुळवलं होतं.

डिसेंबरात तिनं मला बोलावलं. म्हणाली, तू चालवायच्या जागी बस, इंजिन सुरू कर, आणि मी मागे आवाज करते तो टकटक वाटतो का सांग. मागे टेसा टेबलाशी बसली होती, पुढ्यात अभ्यासाचं पुस्तक. मी बसलो. ब्लँकेट सोडलं. बिस्किट माझ्या शेजारी येऊन बसलं, कुठेतरी जायचंय अशा आशेनं.

मार्लिसनं कपाटाचं दार हापटलं. मी ओरडलो, हे दार. तिनं खण आपटला. हा खण. न्हाणीचं दार. भांड्यांची जाळी. पाण्याचा निळा कॅन. तिनं त्या गाडीतलं वाजण्यासारखं सगळं वाजवलं, आणि मी एकेक ओळखत गेलो, आणि दर वेळी तिचा आवाज थोडा जास्त बारीक होत गेला. मला हसू यायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू. मी म्हणालो, अगं, वाऱ्यानं हलणारी वस्तू दोनदा वाजून गप्प बसत नाही, ती वाजतच राहते. ती म्हणाली, पुन्हा बघू, कदाचित दार अर्धवट लागलं असेल.

तेवढ्यात माझ्या डोक्यामागे, ब्लँकेटच्या पलीकडून, टकटक झालं. दोनदा. स्वच्छ.

मी म्हणालो, "हां, हे बरोबर. हे काय होतं, मार्लिस?"

मी इंजिन बंद केलं आणि ब्लँकेट बाजूला केलं. मार्लिस न्हाणीच्या दाराशी उभी होती, हातात कॅन. टेसा फळीपाशी उभी होती, मूठ अजून फळीवर.

"आई, बास कर आता," टेसा म्हणाली. "मीच केलं होतं."

मी उठून जायला हवं होतं. पण बिस्किट तोवर मांडीवर येऊन बसलं होतं आणि मार्लिस दारात, आणि खरं सांगायचं तर मी उठलो असतो असं मला वाटत नाही.

टेसा सांगत गेली, ते थोडक्यात असं. जंगलातून खाली उतरायच्या आदल्या दिवशी बाबा तिच्याशी बोलला होता. म्हणाला, तुला शाळेत जायचंय ना? तिला जायचंच होतं. रोज त्याच दारानं आत जायचं, रोज त्याच बाकावर बसायचं, मैत्रिणीचं आडनाव माहीत असायचं, एवढंच तिला हवं होतं. तो म्हणाला, नेवाडात मी घर बघितलंय. आईला आधी कळलं तर ती रडेल, मग माझ्याच्यानं होणार नाही. तू फक्त माझी टकटक कर. मी पुढे जातो, घर लावतो, आणि महिन्याभरात तुम्हाला दोघींना बोलावतो. आईसाठी आश्चर्य.

"मग बोलावलं?" मार्लिसनं विचारलं.

"नाही."

"तुला फोन केला?"

"एकदा. म्हणाला, आता लगेच नाही जमणार. तिथे ती बाई आहे." टेसा खाली बघत होती. "जिच्या छतावर बाबानं सौरपाट्या बसवल्या होत्या, ती."

मार्लिसनं कॅन खाली ठेवला. मला वाटलं आता ही ओरडेल, पोरीच्या थोबाडीत देईल, निदान नवऱ्याच्या नावानं चार शिव्या घालेल. मिनेसोटाची माणसं सभ्य समजली जातात, तरी तिला त्या चांगल्या येत होत्या. तिनं तसलं काही केलं नाही. नवऱ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. ती पोरीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दोन महिने मी या दारांची उघडझाप करतेय. तू इथेच बसून बघत होतीस."

टेसा रडायला लागली. मार्लिस तिच्याजवळ गेली नाही. खाली उतरली, छपरीखालच्या आपल्या केस कापायच्या खुर्चीत बसली आणि समोरच्या डोंगराकडे तोंड केलं. मी बाजूनं निघालो तेव्हा तिनं मान न वळवता एवढंच म्हटलं, की लेस्टर, तुझ्या तोंडाला काय हवं ते बांध, पण हे बाहेर जाता कामा नये. माझ्या आयुष्यात माझ्यावर टाकलेला हा सगळ्यात क्रूर भार होता. इतका चांगला माल हातात, आणि दुकान बंद.

मला वाटलं, ती आता सगळ्यांना खरं सांगेल आणि मोकळी होईल. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर ती खुर्ची घेऊन आलीच. सरळ डॉटीच्या शेजारी खुर्ची उघडली. डॉटीला लगेच ऊन लागलं, पण मार्लिसनं तिच्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवला होता, त्यामुळे हलता येईना. शेवटी डॉटीच म्हणाली, की बाई, आम्ही काही न्यायाधीश नाही, पण माणसानं निदान सांगावं तरी, झालं काय ते.

"काय झालं ते तू सांगतेसच की गावभर," मार्लिस म्हणाली. "आता मलाच विचार."

"टाकून आलीस त्याला?"

गोलाच्या कडेला, आमच्या खुर्च्यांमागे, टेसा उभी होती. चेहरा पांढराफटक. आई काय बोलते, यावर तिचं त्या माळावरचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि तिला ते कळत होतं. नवऱ्याची टकटक मुलीनं केली, हे त्या गोलात एकदा पडलं असतं तर पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात, प्रत्येक राजम्याच्या पातेल्याभोवती, त्या पोरीचं नाव शिजलं असतं.

"हो," मार्लिस म्हणाली. "टाकून आले. शीळ घालतो तो फार. डोकं उठायचं."

कुणीतरी हसलं. बहुधा मीच. मग तिनं पेला संपवला, एका जटाधारी म्हाताऱ्याकडे बोट करून म्हणाली की उद्या सकाळी ये, तुझ्याकडे बघून पोटात ढवळतंय, आणि खुर्ची घडी करून निघून गेली. तो गेला दुसऱ्या दिवशी सकाळी. बायकोनं काही म्हटलं नाही. गुन्हा कबूल करणारी बाई आमच्या बायकांना चालते, गप्प बसणारी चालत नाही.

पण मायलेकींत काही जुळलं म्हणाल, तर नाही. गोलातून परतताना टेसानं तिचा हात धरू पाहिला, तेव्हा मार्लिसनं खुर्ची त्या हातात घेतली. ऑगस्टात तिनं टेसाला टूसॉनला आपल्या बहिणीकडे नेऊन सोडलं, शाळेत. पोरगी हुशार निघाली. सुट्टीत माळावर येते, आई तिचे केस कापते, दोघी जेवतात, भांडतातही. तरी टेसा मागे बसलेली असते तेव्हा मार्लिस इंजिन सुरू करून ओरडत नाही. ब्रेक लावून उठते, ब्लँकेट बाजूला करते, मागे जाते, मुलीला डोळ्यांनी बघते आणि मग येऊन गाडी हलवते. टेसा एकदा म्हणाली, अगं आई, टकटक करते की मी. मार्लिस म्हणाली, करत जा.

वेंडलचं म्हणाल तर तो नेवाडात आहे. घर आहे, दाराशी हिरवळ आहे, वाळवंटात हिरवळ, आणि ती तो स्वतः कापतो असं ऐकतो. मी एकदा त्या बाजूनं गेलो तेव्हा मुद्दाम वाकडी वाट करून बघून आलो. यंत्र ढकलत होता. शीळ ऐकू आली नाही. मी काच खाली करून विचारलं, काय वेंडल, खुंटा कसा आहे? त्यानं मला ओळखलं नाही असं दाखवलं.

मी इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं, याचं कौतुक कुणी करत नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. गेल्या हिवाळ्यात टेसा स्वतःच डॉटीकडे गेली आणि सगळं सांगून आली. आईला न विचारता. मलाही ते तिनंच सांगितलं. डॉटीनं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. इतकी जुनी बातमी परत घ्यायची म्हणजे तिलाही लाज वाटत असावी. म्हणून मी सांगतो.

मार्लिसनं नवऱ्याला सोडलं नाही. तो पंपावर स्वतः उतरला आणि गाडी जाताना सावलीत उभा राहून बघत होता. टकटक टेसानं केली. मार्लिसला यातलं काही माहीत नव्हतं.